जुलै ते जून या मुदतीपलीकडचे सेवाकार्य

मा. संपादक,
स. न. वि. वि.

येत्या जुलैत नेहमीप्रमाणे आपल्या दैनिकाचे स्थानिक पान पदग्रहण समारंभांच्या छायाचित्रांनी भरून जाईल. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी भागातील रोटरी, लायन्स आणि त्याच धर्तीवरचे इतर सेवा क्लब १ जुलैला नव्या अध्यक्ष, सचिव, खजिनदारांच्या हाती कारभार देतात आणि पुढच्या ३० जूनला तो पुन्हा दुसऱ्यांकडे जातो. दरवर्षी नवी माणसे पुढे येतात, संस्था कुणा एकाच्या मुठीत अडकत नाही, हा या पद्धतीचा मोठाच फायदा आहे. मात्र कामांचे वेळापत्रकही पदाच्या मुदतीवर बेतले की चांगल्या कामाचा बराचसा उपयोग वाया जातो. हे कुठे आणि कशामुळे होते ते तपशिलाने लिहीत आहोत, कारण मार्च सरत आला असून नव्या मंडळांच्या आखणीच्या बैठका आता सुरू होतील.

सर्वांत सोपे उदाहरण शालेय वह्यांचे. कर्नाटकातील शाळा मेअखेरीस किंवा १ जूनच्या सुमारास उघडतात. सीमेपलीकडे चंदगड-गडहिंग्लजला त्या जूनच्या मध्यावर सुरू होतात. नवे अध्यक्ष जुलैत येतात, मग दाता शोधायचा, मुखपृष्ठावर क्लबचे नाव छापून घ्यायचे, पाहुण्यांची तारीख मिळवायची. वाटप होते १५ ऑगस्टच्या आसपास. तोवर खानापूर तालुक्यातल्या मजुराने उधार-उसनवार करून मुलांच्या वह्या आणलेल्या असतात. पाठ्यपुस्तके आणि गणवेश सरकारकडून मिळतात, वह्यांचा खर्च घरावर पडतो, आणि तो पडतो जूनच्या पहिल्या आठवड्यात. म्हणून मावळत्या मंडळानेच हे काम हाती घ्यावे. १० एप्रिलच्या सुमारास शाळांना सुट्टी लागते. त्याआधी मुख्याध्यापकांकडून इयत्तावार यादी घ्यावी: खालच्या वर्गांना दुरेघी, गणिताला चौकटी, इंग्रजीला चौरेघी, वरच्या वर्गांना एकरेघी २०० पानी. सगळ्यांना एकाच छापाच्या वह्या दिल्या की पहिलीच्या मुलाच्या हाती एकरेघी वही पडते आणि ती घरी हिशेबाला जाते. एसडीएमसीच्या (शाळा विकास व देखरेख समितीच्या) बैठकीत विषय घालून आणि बीईओ म्हणजे गटशिक्षणाधिकारी कार्यालयाला पत्र देऊन ठेवले तर शाळा उघडताच वाटप होते.

रक्तदानाचे गणित अधिक गंभीर आहे. शिबिरे १५ ऑगस्ट, गणेशोत्सव, १ ऑक्टोबरचा राष्ट्रीय स्वेच्छा रक्तदान दिन आणि नेत्यांचे वाढदिवस यांभोवती गर्दी करतात. वेगळ्या केलेल्या लाल पेशी नेहमीच्या पिशवीत ३५ दिवस आणि पोषक द्रव घातलेल्या पिशवीत ४२ दिवस टिकतात. म्हणजे १५ ऑगस्टला घेतलेले रक्त सप्टेंबर सरायच्या आत वापरावेच लागते. प्लेटलेट्स तर फक्त ५ दिवस टिकतात, तेही २० ते २४ अंश तापमानात सतत हलवत ठेवून. एकाच आठवड्यात चार क्लबांनी शिबिरे घेतली तर रक्तपेढीच्या फ्रिजमध्ये पिशव्यांची दाटी होते आणि एप्रिल-मे महिन्यांत, जेव्हा महाविद्यालये बंद असतात, गावोगाव लग्नसराई आणि लक्ष्मी यात्रा चालू असतात, तेव्हा नातेवाईक दात्यासाठी वणवण फिरतात. थॅलेसेमिया या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या मुलांना दर तीन-चार आठवड्यांनी रक्त लागते. त्यांना उन्हाळ्याची सुट्टी नसते. शिवाय पुरुषाला दोन रक्तदानांत ९० दिवसांचे आणि स्त्रीला १२० दिवसांचे अंतर ठेवावे लागते. त्यामुळे ऑगस्टमध्ये ज्यांनी दिले त्यांना पुढचे आमंत्रण डिसेंबरअखेर आणि त्यापुढचे एप्रिलमध्ये गेले, तर तोच दाता वर्षात तीनदा कामी येतो. यासाठी नव्या दात्यांपेक्षा जुनी यादी सांभाळणे महत्त्वाचे, आणि नेमकी ती यादीच जूनमध्ये मावळत्या सचिवाच्या मोबाईलमध्ये राहून जाते.

शिबिराच्या दिवशी काय बिघडते तेही सांगितले पाहिजे. श्रावणी सोमवार, संकष्टी, नवरात्र असे उपवासाचे दिवस टाळावेत. रिकाम्या पोटी रक्त दिल्यावर भोवळ येते आणि एक माणूस कोसळला की रांगेतले दहा जण घरी जातात. वय १८ ते ६५, वजन किमान ४५ किलो आणि हिमोग्लोबिन १२.५ ग्रॅम या अटी जाहिरातीतच छापाव्यात. ३५० मिलीची पिशवी ४५ किलोच्या माणसाला चालते, ४५० मिलीसाठी ५५ किलोच्या वर वजन लागते. वर्षभरात गोंदवून घेतलेल्यांना परत पाठवावे लागते. यात्रेत टॅटू काढलेली तरुण मुले दरवेळी हिरमुसून जातात, त्यांना आधीच सांगावे. हिमोग्लोबिन तपासताना बोटातून काढलेला रक्ताचा थेंब निळ्या मोरचुदाच्या द्रावणात सोडतात. द्रावणाची घनता १.०५३ ठेवलेली असते. थेंब पंधरा सेकंदांत सरळ तळाला गेला तर दाता पात्र, वर तरंगत राहिला किंवा मध्येच अडकला तर रक्त कमी. बायकांच्या रांगेत तरंगणारे थेंब खूप दिसतात. त्यांना नुसते ‘चालणार नाही’ म्हणून उठवणे बरोबर नाही. त्याच टेबलावर नाव, गाव लिहून घेऊन यादी प्राथमिक आरोग्य केंद्राला आणि आशा कार्यकर्तीला द्यावी, म्हणजे लोहाच्या गोळ्या सुरू होतात. आमच्या मते ही यादी जमलेल्या पिशव्यांइतकीच मोलाची आहे. जांबोटी, कणकुंबीसारख्या लांबच्या ठिकाणी शिबिर असेल तर दुपारी एकपर्यंत आटोपते घ्यावे. प्लेटलेट्स वेगळ्या काढायच्या तर रक्त सहा तासांच्या आत पेढीत पोहोचायला हवे.

मोतीबिंदू शिबिरांत जूनची सीमारेषा सर्वांत जास्त नडते. गावातील तपासणी हे काम सोपे आहे: सहा मीटरवरचा तक्ता, बॅटरी, नेत्रतज्ज्ञ, आणि ज्यांना फक्त जवळचा चष्मा हवा त्यांना वेगळे काढणे. खरी कसोटी पुढे लागते. रुग्णालयात नेण्यापूर्वी साखर, रक्तदाब, अश्रुमार्ग मोकळा आहे की नाही, दातात किंवा कानात पू आहे का, हे सर्व पाहावे लागते. अश्रुपिशवीत पू असताना शस्त्रक्रिया झाली तर जंतू डोळ्यात उतरतात. ए-स्कॅन (डोळ्याची लांबी मोजणे) आणि केराटोमेट्रीने (बुबुळाची वक्रता मोजणे) बसवायच्या भिंगाचा नंबर काढल्याशिवाय कुणालाही टेबलावर घेऊ नये. रुग्णाने आपल्या रोजच्या गोळ्या सोबत आणायच्या, रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर आधी सांगायचे, हे गावातच चिठ्ठीवर लिहून द्यावे. संमतीपत्र बहुधा कन्नड किंवा इंग्रजीत असते. येळ्ळूरच्या किंवा नंदगडच्या आजींना त्यातले अक्षरही कळत नाही, अंगठा मात्र घेतला जातो. क्लबने मराठी तर्जुमा तयार करून रुग्णालयाकडून तपासून घ्यावा आणि सही-अंगठ्याआधी तो मोठ्याने वाचून दाखवावा. याला पैसा लागत नाही.

शस्त्रक्रियेनंतर दुसऱ्या दिवशी, आठवड्याने आणि महिन्याने तपासणी असते. थेंब चार ते सहा आठवडे, हळूहळू कमी करत घालायचे असतात आणि चष्म्याचा नंबर त्यानंतरच कायम होतो. अनेक क्लब आकडा पूर्ण करण्यासाठी मे-जूनमध्ये शेवटची फेरी घेतात. महिन्याची तपासणी मग जुलैत येते, तेव्हा जुने मंडळ सुटलेले असते, नव्याला यादी मिळालेली नसते आणि खानापूरकडे भातलावणीची धांदल असते. थेंब दहा दिवसांत बंद होतात, चुलीचा धूर आणि चिखलाचे पाणी डोळ्यात जाते. डोळा लाल झाला, दुखू लागला, नजर पुन्हा अंधूक झाली तर त्याच दिवशी रुग्णालय गाठायचे असते. आतला जंतुसंसर्ग एक-दोन दिवसांत डोळा घालवू शकतो. ‘बघू, कमी होईल’ म्हणत चार दिवस काढलेल्या माणसाची नजर परत आणता येत नाही. म्हणून शस्त्रक्रियेची शेवटची फेरी मार्चअखेर व्हावी, असे आम्ही आग्रहाने म्हणतो. थंडीच्या दिवसांत, सुगी आटोपल्यावर, घरी माणूसही मोकळा असतो. कर्नाटकात शक्ती योजनेमुळे स्त्रियांना सरकारी बसने तपासणीला मोफत येता येते. सोबतच्या मुलाच्या किंवा नवऱ्याच्या तिकिटाचे पैसे क्लबने दिले तर बहुतेक गैरहजेरी थांबते.

शाळांना दिलेल्या पाणी शुद्धीकरण यंत्रांबद्दलही बोलले पाहिजे. उद्घाटनाची पाटी चकचकीत असते आणि वर्षभराने यंत्र कोपऱ्यात बंद पडलेले असते. कारण साधे आहे. पाणी न तपासता आरओ (पाण्यातील क्षार काढणारे यंत्र) बसवले जाते. आरओ प्यायच्या एका लिटरसाठी दोन-तीन लिटर पाणी बाहेर टाकते. जिथे पाण्यातील क्षार लिटरला ५०० मिलिग्रॅमच्या आत आहेत तिथे त्याची गरजच नसते. पश्चिमेकडील झऱ्या-विहिरींच्या पाण्याला बहुतेक ठिकाणी गाळणी आणि यूव्ही (जंतू मारणारा अतिनील दिवा) पुरते. क्षारांचा प्रश्न पूर्वेकडील बोअरच्या पाण्याचा. गाळणीचा कँडल पावसाळ्यात गढूळ पाण्याने तीन महिन्यांतच तुंबतो, यूव्हीचा दिवा वर्षाने बदलावा लागतो, मग तो जळत दिसत असला तरीही. या बदलांसाठी शाळेकडे तरतूद नसते. यंत्राच्या किमतीतच तीन वर्षांचा देखभाल करार धरावा, वीजदाब खालीवर होणाऱ्या गावात स्टॅबिलायझर द्यावा, आणि तेवढे पैसे नसतील तर दोनऐवजी एकाच शाळेला यंत्र द्यावे.

वृक्षारोपणाविषयी थोडेच. खड्डे मेमध्ये, दोन फूट लांब-रुंद-खोल, पदग्रहणाच्या आधीच काढलेले हवेत. रोप चार-पाच फुटी असावे आणि प्लास्टिकची पिशवी फाडून लावावे. सुगीनंतर जनावरे मोकळी सुटतात, तेव्हा कुंपण नसलेले रोप आठवड्यात संपते. जानेवारी ते मे आठवड्याला १५-२० लिटर पाणी, आणि हे दोन उन्हाळे करायचे. दुसरा उन्हाळा पुढच्या अध्यक्षांच्या वर्षात येतो, हे लक्षात ठेवूनच रोपांची संख्या ठरवावी.

पूर मात्र नव्या मंडळाच्या पहिल्याच महिन्यात येतो. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ मध्ये कृष्णा, दूधगंगा, वेदगंगेच्या पुराने निपाणी-चिकोडी भागात हाहाकार केला, यमगर्णीजवळ महामार्ग बंद पडला. अशा वेळी जुन्या कपड्यांचे ढीग येतात आणि पडून राहतात. पाणी ओसरल्यावर लागतात सतरंज्या, पांघरुणे, सॅनिटरी पॅड, जनावरांना वैरण आणि ब्लीचिंग पावडर. पावडरीचा हिशेब कार्यकर्त्यांना आधीच पाठ हवा: चांगल्या प्रतीची पावडर हजार लिटरला अडीच ग्रॅम, पाणी गढूळ असेल तर जास्त. तीन मीटर व्यासाच्या विहिरीत चार मीटर पाणी असेल तर ते सुमारे २८,००० लिटर भरते, म्हणजे ७० ग्रॅम. पावडर थेट विहिरीत फेकू नये. बादलीत कालवून दहा मिनिटे निवळू द्यावी, चुना खाली बसला की वरचे पाणी दुसऱ्या बादलीत घेऊन ती विहिरीत सोडून वरखाली हलवावी. तासाभराने पाणी वापरता येते. डबा उघडा किंवा जुना असेल तर पावडरीतला क्लोरीन उडून गेलेला असतो, म्हणून दरवर्षी जूनमध्ये ताजी पावडर घ्यावी. हीदेखील मावळत्या मंडळाची खरेदी.

या सगळ्यासाठी एक जाड वही पुरते. रक्तदात्यांची यादी, शस्त्रक्रिया झालेल्यांची नावे आणि तपासणीच्या तारखा, प्रत्येक यंत्राच्या कँडल-दिव्याची तारीख, झाडांच्या जागा, आणि राखून ठेवलेली रक्कम असे सर्व तिच्यात लिहून ३० जूनपूर्वी दोन्ही मंडळांच्या सह्या व्हाव्यात. लोकांकडून सेवेसाठी घेतलेला पैसा सेवा खात्यात वेगळा असतो. तो समारंभाला वापरता येत नाही, पण पुढच्या वर्षीच्या देखभालीसाठी नक्की ठेवता येतो. चालू वर्षीच सगळा संपवून शून्य शिल्लक दाखवण्याची जी घाई होते ती कृपया थांबवावी.

आपल्याकडेही एक विनंती आहे. यंत्र सुपूर्द करतानाचे छायाचित्र आपण छापता, त्याबद्दल ऋणी आहोत. त्याच क्लबाकडून सहा महिन्यांनी ‘यंत्र चालू आहे का, किती रुग्णांची महिन्याची तपासणी झाली, किती झाडे जगली’ एवढी तीन ओळींची माहिती मागवून तीही छापावी. तसेच एप्रिल आणि मे महिन्यांच्या प्रत्येक आठवड्यातील एक तारीख शहर आणि तालुक्यातील क्लबांनी आपसात वाटून घेऊन रक्तदानासाठी राखावी, त्या तारखा आपण पानावर चौकटीत द्याव्यात. या वर्षीच्या एप्रिलला अजून थोडे दिवस हाताशी आहेत.

आपले,
बेळगाव, खानापूर व निपाणी परिसरातील सेवा क्लबांचे काही आजी-माजी पदाधिकारी