पालकाच्या रकान्यात तुझं नाव

अमळनेर,
आखाजीचा दुसरा दिवस

प्रिय मालू,

तुझे फोन मी मुद्दाम उचलले नाहीत. फोनवर माझं एक वाक्य तीन तुकड्यांत येतं, मग तू रडायला लागतेस, आणि तुला गप्प करण्यात माझा श्वास खर्ची पडतो. कागदावर धाप लागत नाही. तब्येत आहे तशीच. फुप्फुसांच्या फुंकायच्या तपासणीत यंदा सव्वीस टक्के आले, म्हणजे तुझ्या बारावीच्या इंग्रजीपेक्षा थोडे कमी. बाकी भूक बरी आहे, झोप नाही.

लिहायला बसले ते गुरुवारच्या रात्रीमुळे. हे दुसऱ्या कुणाला सांगितलं तर तो आधी मला धीर देत बसेल.

लाईट गेली. ऑक्सिजनचं मशीन किंचाळून बंद पडलं. त्याला साडेतीनशे वॅट लागतात आणि आमचा इन्व्हर्टर पंखा आणि एका दिव्यापुरता. अशा वेळेसाठी कोपऱ्यात लहान सिलिंडर ठेवलाय, बी टाईप म्हणतात तो. मिनिटाला दोन लिटरवर बारा तास निघतात. पण त्याचा पाना फिरवायला जो दम लागतो तो असता तर सिलिंडर कशाला लागला असता? भिंतीवर वाटी आपटली. शेजारच्या भाभींचा मुलगा धावत आला. पोरगं गुणी आहे, पाना फिरवला, नळी जोडली आणि वर म्हणाला, "काकू, फुल करून दिलं!" त्या काचेच्या नळीतली गोळी पाचच्याही वर नाचत होती.

मालू, आमच्यासारख्यांना जास्त ऑक्सिजन देणं हाच धोका. आत कार्बन डायऑक्साईड साठत जातो, गुंगी येते, आणि माणूस झोपेतच राहतो. डॉक्टरांनी मशीनवर जाड पेनाने लिहिलंय: २ लिटर, बोटावरच्या यंत्रात रक्तातला ऑक्सिजन ८८ ते ९२. पण शेजाऱ्यांना ८९ बघवत नाही. भाभींच्या सासूबाईंचं ९८ येतं ना! मी बोटाने "दोन, दोन" दाखवत होते. पोराला वाटलं, मला दोन नंबरला जायचंय.

तेवढ्यात खोलीत माणसं गोळा झाली. कुणी १०८ लावतंय, कुणी म्हणतंय धुळ्याला न्या, तिथे व्हेंटिलेटर आहे. आणि विसर्जनाच्या गणपतीसारखी मला खुर्चीसकट उचलली की गं! मी हाताने नको नको करतेय आणि हाताकडे कुणी बघत नाही. सगळी चांगली माणसं. भाभी तर रडत होत्या. दारापर्यंत पोचलो आणि लाईट आली, मशीन सुरू झालं, मला खाली ठेवली. चहा झाला. मध्यरात्री सात माणसांचा चहा, माझ्याच दुधाचा.

मरणाचं मला फार वाटत नाही. खोटं वाटेल, पण नाही. त्या खुर्चीचं वाटतं. एकटी राहते म्हणजे त्या रात्री जो पहिला दारात येईल तोच माझा निर्णय घेणार. मी डॉक्टरांना सरळ विचारलं. ते म्हणाले, या फुप्फुसांना एकदा घशातून नळी घातली की मशीनवरून उतरवणं फार कठीण. तोंडावरचा मास्क मला चालेल. तोंडावर पंखा लावा, त्याने खरंच बरं वाटतं. शेवटी धाप सोसवेना तर मॉर्फीनचा लहान डोस देतात, तो द्या. नळी नको. आणि काचेपलीकडून भाच्याने हात जोडून बघणं तर नकोच नको.

तर कागद करतेय. वैद्यकीय इच्छापत्र. सुप्रीम कोर्टाने 2018 मध्ये मान्य केलं, पण तेव्हा मॅजिस्ट्रेटपुढे सही लागायची. जिना चढता येत नाही तिने मॅजिस्ट्रेट कुठे शोधावा? 2023 च्या जानेवारीत ते सोपं केलं: दोन साक्षीदार, आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी. साक्षीदार ठरले, भाभी आणि आपले हेडमास्तर. (हो, अजून आहेत. ऐकू येत नाही, सही झोकात करतात.) तरी नुसत्या कागदाने नळी थांबत नाही. बरं होण्याची आशा नाही असं हॉस्पिटलच्या डॉक्टरांच्या एका मंडळाने म्हणायचं, मग दुसऱ्या मंडळाने. आणि माझ्या वतीने बोलायला कोणीतरी लागतं. कागदावर त्याचं नाव हवं. पालक किंवा जवळचे नातेवाईक, एकाहून जास्त चालतात.

एक नाव भाच्याचं. पोरगा लाख माणूस आहे, पण डॉक्टरांनी विचारलं की "आत्याला वाचवा, शेत विकू" म्हणणार. त्याला माझ्यापेक्षा चार लोकांची भीती. दुसरं नाव तुझं. वकिलांनी विचारलं, या बाई नात्याने कोण? म्हटलं, पालक लिहा. माझ्या वहीतून सातवीभर गणितं उतरवली ती आता माझी पालक!

तूच का, ते तुला माहीत आहे. पारोळ्याचे लोक मला बघायला आले होते. मी पोहे घेऊन आत येते तर तू त्या मुलाच्या आईला तोंडावर सांगत होतीस, "ही नोकरी सोडणार नाही, आणि तुमच्या मुलाला मी ओळखते." पोहे अर्धे टाकून गेले ते. मी वर्षभर तुझ्याशी बोलले नाही आणि अजूनही मला वाटतं की विचारायला हवं होतंस. मुलगा उंच होता! पण माझ्या वतीने भरल्या घरात नाही म्हणणारं माणूस मी आयुष्यात एकच पाहिलं. या वेळी मी विचारून ठेवतेय. तूही विचारून म्हण.

काल आखाजीची घागर भरली. दिवा लावायचा तर मशीन बंद, नळी काढून बाहेर, थोडं थांबायचं, मग देवघर. नाकात ऑक्सिजन घेऊन काडी ओढली तर पितरांकडे थेट रवानगी. गॅसचंही तेच, म्हणून शेगडी विजेची घेतली. तिच्यावर भाकरी फुगत नाही, रुसून बसते. डॉक्टर पहिल्यांदा विचारत होते, बिडी ओढायचात का? मग म्हणाले, चूल किती वर्षं? आमच्या मायच्या चुलीत ओल्या पऱ्हाट्या आणि फुंकणी माझ्या तोंडात. तुमच्याकडे वातीचा स्टोव्ह होता, शिष्ट कुठची.

तुझ्या गुडघ्याचं काय झालं? दुसरा कधी? नातीचं नाव अजून कळवलं नाहीस. सुनेशी भांडू नकोस, ती बरोबर असते.

सुरतहून येणारी सकाळची गाडी धर, ऊन चढायच्या आत पोचशील. आधार कार्ड आण. घारी आणू नकोस, गिळताना दम लागतो. बरं, आण, तूच खा. दोन दिवस राहा, म्हणजे ते पेनाने लिहिलेलं तू नीट वाचशील आणि शेजारच्या पोरालाही तुझ्या आवाजात समजावशील. माझ्या आवाजाला तो भीत नाही.

आणि नाही म्हणायचं असेल तर पत्राने म्हण. फोनवर रडू नकोस.

तुझी,
शशी

ता. क. कळण्याची भाकरी तुलाच थापावी लागेल. भाभींकडे गॅसवर. ठेचा मी करून ठेवते.