ताऱ्याची टोकं मोजून काय कळणार?

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत पोप फ्रान्सिस यांच्या मानचिन्हावर (ढालीच्या आकाराच्या त्यांच्या अधिकृत चिन्हावर) जो लेख आला तो वाचून खरंच डोकं फिरलं. त्या ढालीवरचा आठ टोकांचा तारा म्हणजे बॅबिलोनच्या इश्तार देवीची गुप्त खूण आहे असं लेखकाने ठरवून टाकलंय. इश्तारचा तारा आठ टोकांचा असायचा हे खरंच आहे, कोण नाही म्हणतंय, पण म्हणून आठ टोकं दिसली की इश्तार हे कुठलं लॉजिक? व्हॉट्सॲपवर असलं रोज येतं आणि आपण डिलीट मारतो, पण पेपरात छापून आलं की आमच्याकडची वयस्कर मंडळी मिस्सा (चर्चमधली उपासना) संपल्यावर फादरांना गाठून विचारायला लागतात.

झालं काय होतं ते सांगतो. २०१३ च्या मार्चमध्ये निवड झाल्यावर व्हॅटिकनने जे चिन्ह पहिल्यांदा जाहीर केलं त्यात हा तारा पाच टोकांचा होता. फ्रान्सिस ब्वेनोस आयरेसचे आर्चबिशप असतानाच्या चिन्हातूनच तो आला होता. मग मार्च संपायच्या आतच सुधारलेलं चित्र आलं, त्यात टोकं आठ झाली आणि बाजूचं नार्द या सुगंधी वनस्पतीचं फूल जे आधी चक्क द्राक्षांच्या घडासारखं दिसत होतं तेही नीट काढलं. तारा मरियामातेचा, फूल संत योसेफाचं आणि वर जेझुइटांचा, म्हणजे फ्रान्सिस ज्या धर्मसंघाचे त्याचा, किरणांचा सूर्य, त्यात आयएचएस ही येशूच्या नावाची अक्षरं (जुन्या गोव्यात बॉम जेझू चर्चच्या दर्शनी भिंतीवर मान वर करून बघा, तीच अक्षरं दिसतील). हा अर्थ व्हॅटिकननेच सांगितलेला आहे. गुप्त खूण असती तर सगळ्या जगासमोर पाचाची आठ टोकं केली असती का हो?

आठ आकड्याला चर्चमध्ये अर्थ नाही असंही नाही. डोंगरावरच्या प्रवचनातली "धन्य ते" ही वचनं आठ धरतात, पुनरुत्थानाचा दिवस आठवा दिवस मानतात, म्हणून तर बाप्तिस्म्याची जुनी कुंडं पुष्कळ ठिकाणी आठ बाजूंची असतात. पण मरियेचा तारा आठच टोकांचा हवा असा काही नियम नाही. निरंतर साहाय्य करणाऱ्या मावलीचं चित्र घ्या, जिच्या नोव्हेनाला (खास प्रार्थनेला) माहीमला दर बुधवारी एवढी गर्दी असते. मूळ चित्र रोममध्ये आहे, त्यात मावलीच्या कपाळावर आठ टोकांचा सोनेरी तारा आहे आणि त्याला लागूनच क्रुसासारखा दिसणारा चार टोकांचा दुसरा. एकाच कपाळावर दोन हिशेब, आता बोला!

सहा टोकांवरून तर भांडणंच होतात. कार्मेलाइट या कॅथलिक धर्मसंघाच्या ढालीवर डोंगराच्या वर दोन आणि आत एक असे तीन तारे असतात, बहुतेक वेळा सहा टोकांचे, वरचे दोन एलीया आणि अलीशा या संदेष्ट्यांचे आणि खालचा मरियेचा असं सांगतात. ते बघून "चर्चवर ज्यूंचं चिन्ह कसं?" असं विचारणारे भेटतात. नीट बघितलं तर ज्यूंच्या त्या चिन्हात, म्हणजे दाविदाच्या ताऱ्यात, एकात एक अडकवलेले दोन त्रिकोण असतात आणि मधली जागा मोकळी दिसते, ढालीवरचा तारा मात्र सरळ भरीव असतो.

शिवाय पोपच्या ढालीवर तारा दिसला म्हणजे तो मरियेचाच, असंही नाही. सातवे अलेक्झांडर (१६५५ ते १६६७) यांच्या चिन्हात डोंगरांवर तारा आहे, पण तो त्यांच्या किजी घराण्याचा, सेंट पीटर्सच्या चौकात खांबांच्या रांगांवर तो आजही दिसतो. त्यामुळे आधी ढाल कुणाची ते बघायला हवं, टोकं नंतर. तुमच्या लेखकाने नेमकं उलटं केलं.

आणि ताऱ्याची सनसनाटी स्टोरीच हवी होती तर बेथलेहेमची घ्यायची ना! येशूच्या जन्माच्या जागेवर चांदीचा चौदा टोकांचा तारा जमिनीत बसवलाय. बायबलमधल्या मत्तयच्या पुस्तकातल्या येशूच्या वंशावळीत चौदा चौदा पिढ्या मोजल्यात, त्याच्याशी तो आकडा जोडतात. लॅटिन मजकूर असलेला हा तारा म्हणजे कॅथलिकांचा त्या जागेवरचा हक्क, तो १८४७ मध्ये चोरीला गेला, कॅथलिकांनी ग्रीक ऑर्थोडॉक्स साधूंकडे बोट दाखवलं, फ्रान्स आणि रशिया आपापल्या बाजूने उतरले, शेवटी तुर्की सुलतानाने नवा तारा बसवून दिला तरी तणाव काही संपला नाही आणि १८५३ मध्ये क्रिमियन युद्ध पेटलं. युद्धाची कारणं बाकीही होती पण पवित्र जागांवरून चाललेलं हे भांडण त्यातलं एक होतंच. यात काहीच गुप्त नाही, सगळं इतिहासाच्या पुस्तकात आहे.

सध्याचे पोप लिओ चौदावे यांच्या ढालीवर तर ताराच नाही, मरियेसाठी पांढरी लिली आहे. तिच्या पाकळ्या कुणी मोजायला बसू नये एवढीच इच्छा.

तर त्या लेखाचा छोटासा खुलासा छापा, आणि जमलं तर डिसेंबरच्या आधी छापा, कारण नाताळात आमच्या वसईत घरोघरी स्टार लागतात आणि पाच टोकांचा लावू की आठ टोकांचा, असं शेजारच्या आजींनी मला विचारायला नको.

आपला,
एक नियमित वाचक, वसई