फोन न करणारा आमदार

डिचोली, गोवा

प्रिय सुधीर,

सप्रेम नमस्कार.

मामांच्या गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी आमदारांशी बोलायला मी नाही म्हटलं, परवा फोनवर आपलं बोलणं अर्धवट राहिलं आणि तू चिडून ठेवलास, म्हणून आज सविस्तर लिहायला बसलो. माझं हे मत इथे घरातसुद्धा कुणाला पटत नाही. पण मला मनापासून वाटतं, की गोव्यातल्या सरकारी आरोग्यसेवेची हानी खाबू नेत्यांपेक्षा मदतीला धावून येणाऱ्या नेत्यांनी जास्त केली आहे. मध्यरात्री फोन उचलून 'थांब, मी गोमेकॉत (बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजात) बोलतो' म्हणणारा जो आमदार असतो ना, ज्याला आपण देवमाणूस म्हणतो, त्याच्याबद्दल बोलतोय मी.

जून 2025 मधलं प्रकरण तू टीव्हीवर पाहिलंस. आरोग्यमंत्री विश्वजित राणे बांबोळीच्या कॅज्युअल्टीत शिरले, कॅमेऱ्यासमोर ड्यूटीवरच्या डॉक्टरांना झापलं, निलंबनाचे आदेश दिले. मग डॉक्टर आंदोलनाला उतरले, मुख्यमंत्र्यांनी निलंबन होणार नाही असं जाहीर केलं आणि मंत्र्यांनी माफी मागितली. सगळा गोवा मंत्र्यांच्या भाषेवर बोलत राहिला. मूळ तक्रार काय होती? सुट्टीच्या दिवशी कॅज्युअल्टीत बी-12चं इंजेक्शन दिलं नाही. अरे, अपघात, झटका, विषबाधा झालेली माणसं जिथे आणतात, तिथे व्हिटॅमिनचं इंजेक्शन नाकारणं हे त्या डॉक्टरांचं कामच होतं! मला मंत्र्यांच्या चढ्या आवाजापेक्षा तक्रारीने धरलेली वाट जास्त खुपते. रुग्णाच्या माणसांकडून थेट मंत्र्यांकडे, आणि मंत्र्यांकडून थेट डॉक्टरांच्या टेबलापाशी. मध्ये अधीक्षक नाहीत, डीन नाहीत. ही वाट एकट्या राणेंनी पाडलेली नाही. आपण सगळे वर्षानुवर्षं तिच्यावरून चालतो आहोत.

एका सरकारी हॉस्पिटलात (नाव लिहीत नाही) मी नातेवाइकासाठी सोबतीला राहिलो होतो, तेव्हा हे जवळून पाहिलं. पहाटे सिस्टरच्या टेबलावर त्या दिवसाच्या शस्त्रक्रियांची यादी होती, निळ्या पेनने लिहिलेली. आठच्या सुमारास कुणाचा तरी फोन आला. निवासी डॉक्टर 'हो साहेब, हो साहेब' म्हणाली, यादीतल्या तिसऱ्या नावावर रेघ मारली आणि वर नवीन नाव लिहिलं. ज्याच्या नावावर रेघ आली तो सत्तरीतला माणूस आदल्या रात्रीपासून उपाशी होता. दुपारी त्याला पेज दिली आणि 'आज होणार नाही' एवढंच सांगितलं. त्याने का विचारलंसुद्धा नाही. ज्याचं काम झालं त्याच्या घरी आमदाराचा फोटो लागला असेल. पण या म्हाताऱ्याला कळणारही नाही की त्याची जागा कुणी घेतली. खाट तेवढीच, थिएटर तेवढंच, भूल देणारे डॉक्टर तेवढेच. साहेबांच्या शब्दाने त्यात एकाचीही भर पडत नाही.

मे 2021 आठवतोय? 11 मे या एकाच दिवशी गोमेकॉत 26 कोविड रुग्ण गेले. रात्री दोन ते सकाळी सहा या वेळात ऑक्सिजनचा दाब पडत होता. आरोग्यमंत्र्यांनीच सांगितलं, की 1200 जंबो सिलिंडर लागत होते आणि 400च मिळाले, आणि त्यांनीच उच्च न्यायालयाकडे चौकशीची मागणी केली. त्या रात्री गोव्यात कोण कोणाला फोन करत नव्हतं? आमदार, मंत्री, पक्षाचे कार्यकर्ते, सगळ्यांचे फोन चालू होते. पण पाइपात प्राणवायूच नसेल तर वशिला कुणाच्या छातीत भरायचा? टँकर, साठवण टाकी, रात्रपाळीला सिलिंडर बदलणारी माणसं ही कामं महिनोन्‌महिने आधी, कुणाला न दिसता करायची असतात. तिथे फोटो निघत नाही. नऊ महिन्यांनी विधानसभेची निवडणूक झाली, तेव्हा माझ्या ओळखीच्या कितीतरी घरांनी त्या रात्रीचा हिशेब मागितला नाही. 'आमच्या आईला त्याने खाट मिळवून दिली' एवढ्यावर मत ठरलं. मी त्यांना दोष देत नाही, पण दुःख होतं.

आणि नेत्याने ही व्यवस्था सुधारावी तरी का? पेडणे तालुक्यातलं तुयेचं सरकारी हॉस्पिटल बघ. इमारत उभी राहूनही वर्षं गेली आणि पेडण्याच्या लोकांना त्यासाठी आंदोलनं करावी लागली. तिथे सगळं नीट मिळायला लागलं तर आमदाराच्या दारात सकाळी कोण उभं राहणार? दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचंही, म्हणजे सरकारी आरोग्यविम्याचंही, तसंच. तीन माणसांपर्यंतच्या कुटुंबाला अडीच लाख, मोठ्या कुटुंबाला चार लाखांचं संरक्षण आपल्याच करातून मिळतं, तरी कार्ड हातात घेताना माणूस उपकार झाल्यासारखा वाकतो.

तू म्हणालास, मंत्र्यांना सरकारी हॉस्पिटलातच उपचार सक्तीचे करा. मला तेही पटत नाही. मंत्री दाखल झाला की अख्खा मजला त्याच्यामागे धावतो, बाकीच्यांचे हाल वाढतात. त्याला खुशाल खासगीत जाऊ दे.

इथे चांगलं काहीच नाही असं समजू नकोस. 108 रुग्णवाहिका 2008 पासून आहे. ती कुणाचा मतदारसंघ विचारत नाही. हृदयविकाराच्या झटक्यासाठी आरोग्य केंद्रातून ईसीजी थेट बांबोळीच्या तज्ज्ञांकडे जातो आणि रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन गावातच देता येतं. कुणी ओळखीचा नसलेला माणूसही वाचतो. असं जिथे जिथे झालं, तिथे फोनची गरजच उरली नाही.

आता मामांच्या गुडघ्याचं. ऑपरेशनची तारीख लांबची मिळाली, दुखणं रात्री झोपू देत नाही, हे मला कळतं. पण आमदारांशी मी बोलणार नाही. मी स्वतः ओपीडीत येईन, केसपेपरपासून सगळं बघेन, दुखणं वाढलंय हे डॉक्टरांना नीट सांगून तारीख अलीकडे येते का ते त्यांनाच ठरवू देईन. मामांना सांग, एक्स-रे आणि साखरेचे जुने रिपोर्ट घेऊन यायचे. लिफ्टपर्यंत चालावं लागतं, काठी विसरू नका.

ओरोसच्या मेडिकल कॉलेजात सांध्यांची ऑपरेशनं होतात का, तेही तेवढं विचारून कळव. सावंतवाडीहून मामांना ते जवळ पडेल.

वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा,
दत्ता