तोंड वाकडं झालं म्हणजे देव कोपला का?

मा. संपादक,
नमस्कार.

गेल्या रविवारच्या अंकात एका ख्रिस्ती बंधूंचं पत्र वाचलं. प्रभूला नाकारणाऱ्यांना देव आजही चमत्कार करून शिक्षा देतो असं त्यांचं म्हणणं, आणि पुरावा म्हणून नगर रोडकडच्या एका माणसाची गोष्ट. त्याने सुवार्तेची, म्हणजे येशूच्या संदेशाची, पत्रिका फाडली, पाळकांच्या (चर्चच्या धर्मगुरूंच्या) तोंडावर हसला, दुसऱ्या दिवशी सकाळी चूळ भरायला गेला तर पाणी एका कडेनं गळायला लागलं, आरशात बघतो तर तोंड वाकडं. मग महिन्याभराने पाळकांना बोलावलं, प्रार्थना करून घेतली आणि तोंड सरळ झालं. हीच गोष्ट दोनतीन महिन्यांपूर्वी आमच्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पण फिरत होती, फक्त तिथे माणूस सोलापूरचा होता आणि पत्रिकेच्या जागी बायबल होतं.

मी स्वतः ख्रिस्ती आहे, तीन पिढ्यांपासून, आणि लहानपण सगळं पंचहौदच्या देवळाची, म्हणजे चर्चची, घंटा ऐकत गेलं (तेच पंचहौद मिशन जिथे 1890 साली चहा घेतला म्हणून लोकमान्य टिळक आणि रानड्यांवर ग्रामण्य, म्हणजे जातीच्या बहिष्काराचं प्रकरण, आलं होतं). शिवाय 34 वर्षं नर्स म्हणून नोकरी केली, त्यातली बरीचशी मेडिसिनच्या वॉर्डात. तेव्हा या विषयावर दोन्हीकडून बोलायचा मला थोडा हक्क आहे असं समजते.

आधी त्या वाकड्या तोंडाचं बघू. अशी माणसं किती बघितली त्याचा हिशोब नाही. चेहऱ्याची जी नस असते ती कानामागच्या हाडातल्या एका बारीक बोळातून येते, तिला सूज आली की ती तिथेच दबते आणि त्या बाजूचा चेहरा लुळा पडतो, बेल्स पाल्सी म्हणतात त्याला. माणूस रात्री चांगला जेवून झोपतो आणि सकाळी चूळ भरतानाच कळतं, मग चहा ओठातून सांडतो, डोळा मिटत नाही, शिट्टी वाजत नाही. गावाकडे म्हणतात तोंडावरून वारं गेलं. आणि यातले बहुतेक लोक काही आठवड्यांत नाहीतर काही महिन्यांत बरे होतात, पहिल्या तीन दिवसांत स्टिरॉइडच्या गोळ्या सुरू केल्या तर अजून चांगले होतात. म्हणजे बंधूंनी सांगितलेली गोष्ट अगदी बारीकसारीक तपशिलासकट खरी असू शकते, सकाळची चूळ, महिन्याभराने सरळ होणं, सगळं. मी कुणाला खोटारडं म्हणत नाहीये. फक्त माझ्या वॉर्डात असं तोंड घेऊन आलेल्यांमध्ये एक आमच्याच संडे स्कूलच्या टीचर होत्या, एक नुकतेच हज करून आलेले चाचा होते, एक माळकरी आजोबा होते दरवर्षी न चुकता वारीला जाणारे. यांनी काय फाडलं होतं?

असा पेशंट आला की आमचे डॉक्टर पहिलं सांगायचे, भुवया वर करा, कपाळाला आठ्या पाडा. एका बाजूचं कपाळ सपाट राहिलं तर बहुतेक नसेचं दुखणं, म्हणजे जरा निवांत. पण आठ्या दोन्हीकडे पडतायत आणि खालचं तोंडच तेवढं वाकडं आहे तर मात्र पळापळ, कारण तो मेंदूचा झटका असू शकतो आणि गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत गेलं पाहिजे. हे एवढं लांबण लावून सांगतेय कारण एकदा एका माणसाला तिसऱ्या दिवशी आणलं होतं, तोंड वाकडं, उजवा हात गेलेला. तिसऱ्या दिवशी का, तर तो काही महिन्यांपासून प्रार्थनासभेला यायचा बंद झाला होता, म्हणून सभेतल्या लोकांनी बायकोला सांगितलं की हा देवाचा हात आहे, आधी पश्चात्ताप मग दवाखाना, आणि दोन दिवस उपास प्रार्थना चालली. ती बाई माझ्यासमोर सारखी एकच विचारत होती, सिस्टर मी आधी कुणाचं ऐकायला पाहिजे होतं. त्याचा हात नंतर कधी चालला नाही. त्या मंडळीचं नाव मी घेणार नाही, लोक काही दुष्ट नव्हते, उपास त्यांनी खरोखरच केला होता, पाणीसुद्धा नव्हते प्याले.

आता आमच्या घरातली गोष्ट. माझ्या पणजोबांनी नगर जिल्ह्यात बाप्तिस्मा घेतला आणि थोड्याच वर्षांत 1918 ची ती इन्फ्लुएंझाची साथ आली, त्यात त्यांची दोन मुलं एका आठवड्यात गेली. गावाचा निकाल ठरलेलाच होता, म्हसोबा सोडलास, म्हसोबानं नेली. आजी तांदूळ निवडता निवडता हे सांगायची आणि इथे आली की हात थांबायचे तिचे. पणजोबा म्हणाले होते म्हणे, मग पाटलाची सून कुणी नेली? कारण त्या साथीत ज्यांनी म्हसोबा सोडला नव्हता त्यांच्याही दारात तिरड्या बांधल्या जात होत्या, लाकडं मिळत नव्हती. म्हणजे जो हिशोब लोकांनी आमच्यावर लावला, ज्याने आमच्या घरची बाई आयुष्यभर आतून जळत राहिली, तोच हिशोब आता आमचेच लोक दुसऱ्यावर लावणार का, फक्त देवाचं नाव बदलून?

आणि हा हिशोब लावायचाच तर मग पुण्यातल्या एका मोठ्या माणसाला लावून बघा. महात्मा फुले मिशनच्या शाळेत शिकले, मिशनऱ्यांशी त्यांची चांगली उठबस होती, येशूबद्दल आदर होता, पण बाप्तिस्मा काही घेतला नाही, दारापर्यंत आले आणि परत वळले म्हणा ना. 1888 साली त्यांना पक्षाघात झाला आणि उजवी बाजू गेली. बंधूंच्या नियमाने ही शिक्षाच झाली. पण गंमत अशी की त्याच वेळी पुण्यातल्या सनातन्यांनाही म्हणायला मोकळीक होती की धर्म बुडवला म्हणून देवाने हात काढून घेतला. एकच झटका, दोघांचा पुरावा. जोतीरावांनी काय केलं, तर डाव्या हाताने शेवटचं पुस्तक लिहून काढलं.

आता शास्त्राकडे येते, नाहीतर म्हणाल ही बाई नुसतं दवाखान्याचंच सांगतेय. लूकच्या शुभवर्तमानात, नवव्या अध्यायात, प्रभू यरुशलेमेकडे निघालेत आणि वाटेतलं एक शमरोनी गाव त्यांना उतरून घेत नाही. सरळ सरळ नकार, तोही प्रत्यक्ष प्रभूला, आपल्या कुठल्या पाळकांना नाही. त्यांचे शिष्य याकोब आणि योहान म्हणतात, सांगा तर आकाशातून अग्नी पाडतो, जुन्या करारातल्या एलिया संदेष्ट्याने पाडला तसा. आणि प्रभू मागे वळून गावाला नाही, या दोघांना धमकावतात. मग ते दुसऱ्या गावाला गेले. एवढंच लिहिलंय. त्या गावाचं पुढे काय झालं, कुणाचं तोंड वाकडं झालं का, विहीर आटली का, एक शब्द नाही. मला वाटतं बंधूंच्या पूर्ण पत्राला हे एक वाक्य पुरेसं आहे, दुसऱ्या गावाला गेले.

बंधूंनी हनन्या आणि सप्पीरा या नवराबायकोचं उदाहरण दिलंय, प्रेषित पेत्रासमोर खोटं बोलले आणि जागच्या जागी मेले. पण ते दोघं कोण होते? मंडळीतले होते हो! जमीन विकून पैसे आणून देणारे, आपल्यातले. करिंथच्या मंडळीला प्रेषित पौल लिहितो की तुमच्यात बरेच जण आजारी आहेत, काही मेलेत, कारण प्रभुभोजन (भाकरी आणि द्राक्षारसाचा विधी) तुम्ही अयोग्य रीतीने घेता. हेही आतलेच. म्हणजे नव्या करारात देवाचा हात पडताना दिसतो तो बऱ्याचदा देवळाच्या आतल्या बाकांवर, रस्त्यावर पत्रिका नाकारणाऱ्यावर नाही, आणि हे आमच्या ग्रुपवर कुणी कधी फॉरवर्ड केल्याचं मला आठवत नाही. हेरोद राजा किडे पडून मेला हे खरं, पण कशासाठी, तर लोकांनी देव म्हणून जयजयकार केला आणि त्याने तो गोड मानून घेतला म्हणून. योसेफस नावाच्या यहुदी इतिहासकारानेही त्याच्या मरणाचं लिहून ठेवलंय, पोटात कळा आल्या आणि पाच दिवसांत गेला.

एक उदाहरण मात्र बंधूंच्या बाजूचं आहे, लपवून काय करू. पफे गावात अलीम जादूगार पौलाला आडवा आला आणि आंधळा झाला. यावर माझ्याकडे गुळगुळीत उत्तर नाहीये. पण दोन गोष्टी बघाव्यात, एक तर ते काही वेळापुरतं होतं असं तिथेच लिहिलंय, आणि दुसरं म्हणजे हे ज्याच्या तोंडून आलं तो पौल स्वतः दिमिष्काच्या वाटेवर तीन दिवस आंधळा झालेला माणूस होता, तोही मंडळीचा छळ करत असताना. पहिला ख्रिस्ती हुतात्मा स्तेफन, त्याला दगड मारले तेव्हा मारणाऱ्यांचे कपडे हाच सांभाळत होता. त्या दिवशी आकाशातून अग्नी पडला असता तर पौलच जळाला असता आणि आपल्या नव्या कराराची निम्मीशी पुस्तकं गेली असती.

आता संकटांचं. बंधू लिहितात की भूकंप, पूर, साथी या नाकारणाऱ्या देशांवरच येतात. 30 सप्टेंबर 1993 ला पहाटे चारच्या सुमाराला किल्लारीला भूकंप झाला, जवळजवळ दहा हजार माणसं गेली, आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, लोक गणपती बुडवून येऊन झोपलेले. पुण्यातून आमची टीम गेली होती, मीही होते. माणसं मेली ती घरांच्या जाड दगडमातीच्या भिंतींखाली, वर मातीचं ओझं असलेली माळवदं, ती सगळी झोपलेल्यांच्या अंगावर आली. तिथे मदतीचा ट्रक घेऊन आलेल्या एका गृहस्थांनी, आमच्याच धर्माच्या, मला हळूच सांगितलं, सिस्टर बघा मूर्तीपूजेचं फळ. माझ्या एका हातात सलाईनची बाटली होती म्हणून बरं. पुढे अकरा वर्षांनी त्सुनामी आली तेव्हा हे गृहस्थ मला आठवले, कारण ती आली 26 डिसेंबरला, नाताळच्या दुसऱ्या दिवशी, आणि वेळांकणीच्या मातेच्या दर्शनाला आलेले कितीतरी यात्रेकरू त्या किनाऱ्यावरून वाहून गेले. लिस्बनला 1755 चा मोठा भूकंप झाला तो सगळ्या संतांच्या सणाच्या सकाळी, लोक मिस्साला चर्चमध्ये बसलेले असताना छतं कोसळली. आता सांगा कुणाचं कशाचं फळ?

अशी चूक आपल्याकडे फार मोठ्या माणसांनीही केलीय. 1934 च्या बिहारच्या भूकंपाला गांधीजींनी अस्पृश्यतेच्या पापाची शिक्षा म्हटलं आणि टागोरांनी त्यांना जाहीरपणे विरोध केला. हेतू कितीही चांगला असला तरी गाडला गेलेला माणूस त्या हेतूला काय करणार, आणि बिहारच्या ढिगाऱ्यात अस्पृश्य गाडले गेले नव्हते की काय. प्रभूंना तर हाच प्रश्न तोंडावर विचारल्यासारखा झाला होता. शिलोहाचा बुरूज पडून 18 जण मेले त्यांची आठवण काढून ते म्हणाले, ते यरुशलेमेतल्या बाकीच्यांपेक्षा जास्त पापी होते असं वाटतं का तुम्हाला? नाही. आणि मग बोट ऐकणाऱ्यांकडे वळवलं.

मी असं म्हणत नाहीये की देव करूच शकत नाही. शेवटच्या दिवसावर माझा विश्वास आहे, त्या दिवशी मलाही उभं राहायचंय. पण गहू आणि निदण (तण) कापणीपर्यंत एकत्र वाढू द्या असं मालकाने सांगितलेलं असताना आपण आत्ताच विळा घेऊन वावरात कशाला उतरायचं. लक्ष्मीबाई टिळकांचं बघा, नवऱ्याने, म्हणजे कवी ना. वा. टिळकांनी, 1895 साली बाप्तिस्मा घेतला आणि या बाई पुढे कितीतरी काळ आपलं सोवळं सांभाळून वेगळ्याच राहिल्या, नाकारणंच की ते. वीज पडली का? नवऱ्याने वाट बघितली. देवानेही बघितली असणार.

शेवटी त्या बंधूंना एक विनंती. तो नगर रोडचा माणूस खरंच असेल तर त्याचा पत्ता तुमच्या कार्यालयात कळवावा, मी पीएमपीने जाऊन येईन, रिटायर आहे, वेळच वेळ आहे. त्याच्या कपाळाला आठ्या दोन्हीकडे पडत होत्या का एवढं मला त्याच्या बायकोला विचारायचंय. आणि डोळा अजून नीट मिटत नसेल तर रात्री त्यात मलम घालून वरून चिकटपट्टी लावून झोपायचं असतं, नाहीतर बुबुळाला जखम होते, हे त्याला कुणी सांगितलंय की नाही कोण जाणे.

आपली वाचक,
एक निवृत्त परिचारिका, नाना पेठ, पुणे