आशाताई, ते कपातलं बोट तुम्हाला दिसलं

प्रिय आशाताई,

सप्रेम नमस्कार.

दिवाळीला मी माहेरी चार दिवस होते. आई चहा ओतताना कपाच्या आत बोट धरते, हे रोज बघत होते. म्हातारपणाची खोड म्हणून सोडून दिलं. तुम्ही गावच्या आशा सेविका म्हणून तिशीपुढच्यांच्या आरोग्य तपासणीचा फॉर्म भरायला आलात आणि पहिल्याच कपाला विचारलंत, "मावशी, बोट कशाला?"

"कुठवर भरला ते कळायला नको व्हय?"

तुम्ही चहा तिथंच ठेवलात. आईला उंबऱ्यावर बसवलंत, अंगणात तीन मीटरवर उभ्या राहिलात आणि एकेक डोळा झाकून बोटं मोजायला लावलीत. आई बेरकी. दर वेळी "तीन" म्हणायची. शेवटी तुम्ही नुसती मूठ धरलीत, तरी "तीनच की!" आम्ही सगळे हसलो, आणि मग कुणालाच काही बोलता येईना.

आबांचं एकच पालुपद, "मोतीबिंदू पिकू दे, मग काढू." पूर्वी डॉक्टरही तसंच सांगायचे, त्यांचा दोष नाही. आता बारीक छेदातून गढूळ भिंग काढून नवं बसवतात, पिकायची वाट बघावी लागत नाही. उलट फारच पिकला तर डोळ्यातला दाब वाढून आहे ती नजरही जाऊ शकते. हे तुम्ही आबांना त्यांच्याच भाषेत सांगितलंत, "तोड लांबली की उसाला तुरा येतोय. मग वजन मिळतंय का?" आबा गप्प.

आईची अडचण वेगळीच होती. म्हशीची धार कोण काढणार? तुम्ही शेजारच्या काकूंना गाठून दोन्ही वेळची सोय लावलीत. मला हे सुचलंच नसतं. गगनबावड्याहून पहिल्या एसटीनं तिला कोल्हापूरच्या सरकारी दवाखान्यात, सीपीआरला आणलंत. मी कोल्हापुरातच राहते, तरी स्टँडवर उशिरा पोचले. तिकिटाचे पैसे देऊ लागले, तर "अर्धं तिकीट तर हाय" म्हणून हसलात. मानधनासाठी तुम्हाला मोर्चे काढावे लागतात, हे मला माहीत आहे, ताई.

आईला वाचता येत नाही. चार वेळा घालायच्या थेंबांच्या बाटलीला तुम्ही लाल दोरा बांधून दिलात. हात धुवायचे, खालची पापणी ओढून थेंब सोडायचा, दुसऱ्या बाटलीआधी पाच मिनिटं थांबायचं, हे मला आईनंच शिकवलं. पट्टी काढल्यावर मला म्हणाली, "एवढी वाळलीस कधी गं?"

2015-19 च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात 50 वर्षांपुढच्या अंधत्वात 66 टक्के वाटा मोतीबिंदूचा निघाला, हे मी नंतर वाचलं. त्या आकड्यात आई जायची थोडक्यात राहिली.

दुसऱ्या डोळ्याची तारीख परवा आबांनीच विचारली. त्यांनाही म्हणे हल्ली दिव्याभोवती कडी दिसतात. पुढच्या फेरीला त्यांचीही बोटं मोजा. मूठ धरायला विसरू नका.

तुमची,
वाडीची माहेरवाशीण