समुपदेशक येतात, पण महिनाभर आधी

संपादक महाशय,

माळीण (२०१४), तळिये (२०२१), इर्शाळवाडी (२०२३). दरड कोसळली की पहिल्याच आठवड्यात निवारा शिबिरात समुपदेशकांची रीघ लागते आणि जो तो वाचलेल्यांना विचारतो, ‘नेमकं काय झालं, सांगा.’ हेतू चांगला, वेळ चुकीची. एका बैठकीत सगळे बोलून घेतल्याने पुढचा मानसिक आजार टळत नाही. जागतिक आरोग्य संघटनाही ही पद्धत वापरू नका असेच सांगते. त्या दिवसांत कोरडे कपडे, अंथरूण, घरच्यांचा ठावठिकाणा, मृतदेहाची ओळख पटवायला जाताना सोबत कुणीतरी, हीच मानसिक मदत. कुणी स्वतःहून बोलले तर ऐकावे. झोपेच्या गोळ्या सरसकट वाटू नयेत.

दचकणे, झोप उडणे हे बहुतेकांचे काही आठवड्यांत ओसरते. पण महिना उलटूनही पत्र्यावर सर वाजताच कुणी पायात चपला घालून रात्रभर दारात बसत असेल, मूल पुन्हा अंथरूण ओले करू लागले असेल, तर उपचार हवेत. नेमके तेव्हा शिबिर उठलेले असते.

या उपचारात धीर देण्यापेक्षा सराव जास्त. एका प्रचलित पद्धतीत साधारण ८ ते १५ बैठका, प्रत्येकी सुमारे दीड तासाची. माणूस डोळे मिटून तो प्रसंग ‘मी दार उघडतोय’ असा वर्तमानकाळात सांगतो, पुन्हा पुन्हा. त्याचे रेकॉर्डिंग घरी रोज ऐकतो. टाळलेल्या गोष्टींना ० ते १०० असे भीतीचे गुण देतात: मोबाइलवर पावसाचा आवाज ३०, पावसात ओसरीवर बसणे ५०, डोंगराखालचा रस्ता ८०. खालून सुरुवात, आणि भीती बरीच उतरेपर्यंत उठायचे नाही. इथेच फसते. भीती टोकाला असताना उठले की ‘पळालो म्हणून वाचलो’ हा धडा पक्का होतो. सुरुवातीच्या बैठकांनंतर स्वप्ने वाढूही शकतात. आधी सांगितले नसेल तर लोक तिथेच थांबतात. अर्थात, रेड अलर्टला घर सोडणे हा आजार नव्हे, ते शहाणपण. ती भीती काढायची नसते.

प्रशासनाने शिबिर उठवतानाच दीड महिन्यानंतरच्या भेटीची तारीख ठरवावी, आशाताईंकडे घरनिहाय यादी द्यावी आणि टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक रेशन दुकानाच्या फलकावर लिहावा.

– मानसोपचार क्षेत्रातील एक वाचक, पुणे