शब्दांच्या जातींचे तक्ते पाठ करून वाक्य जमत नाही

संपादक महोदय,

स.न.वि.वि.

परीक्षा जवळ आल्या की वर्तमानपत्रांत इंग्रजी व्याकरणाचे मार्गदर्शन सुरू होते आणि त्यात शब्दांच्या आठ जातींचा तक्ता हमखास असतो. एक व्याख्या, चार-पाच शब्द, की पुढची जात. तक्ता पाठ असलेल्या मुलाला सुटा शब्द विचारा, उत्तर येते. वाक्य लिहायला सांगा, घोळ होतो. इंग्रजीत शब्दाची जात ठरते ती त्या वाक्यात तो कोणते काम करतो यावरून.

‘बिफोर’ घ्या. ‘बिफोर लंच’मध्ये पुढे नाम आहे, म्हणून ते प्रिपोझिशन (शब्दयोगी अव्यय). ‘बिफोर द बस लेफ्ट’मध्ये पुढे कर्ता-क्रियापदासह अख्खे उपवाक्य आहे, म्हणून कंजंक्शन (उभयान्वयी अव्यय). ‘आय हॅव सीन हिम बिफोर’मध्ये पुढे काहीच नाही, तिथे ते ॲडव्हर्ब (क्रियाविशेषण). तक्त्यात मात्र हा शब्द एकाच रकान्यात बसवलेला असतो.

मराठी माध्यमाच्या मुलांची नेमकी अडचण इथेच होते. आपण ‘पावसामुळे’ म्हणतो आणि ‘पाऊस पडल्यामुळे’ही म्हणतो, तेच ‘मुळे’ नामालाही लागते आणि क्रियापदाच्या रूपालाही. इंग्रजीत मात्र ‘बिकॉज ऑफ द रेन’ आणि ‘बिकॉज इट रेन्ड’ अशा दोन वेगळ्या वाटा आहेत. त्या न कळल्याने ‘बिकॉज ऑफ इट रेन्ड’ लिहिले जाते. ‘व्हाइल द मॅच’, ‘डिस्पाइट ही वॉज इल’ या चुकाही त्याच घरच्या. यावर एक तपासणी पुरते: पुढच्या तुकड्यात कर्ता आणि काळ दाखवणारे क्रियापद आहे का? असेल तर बिकॉज, व्हाइल, ऑलदो. नसेल तर बिकॉज ऑफ, ड्युरिंग, डिस्पाइट. ‘बिफोर गोइंग होम’मधले ‘गोइंग’ काळ दाखवत नाही, ते नामाचे काम करते. म्हणूनच ‘बिफोर टू गो होम’ चूक. ‘व्हाइल वॉकिंग’सारख्या आटोपशीर रचना या तपासणीत बसत नाहीत, त्या मागाहून शिकवाव्यात.

‘जरी… तरी’च्या सवयीने ‘ऑलदो’च्या जोडीला ‘बट’ येतो, तोही खोडायला हवा. दोन उपवाक्ये जोडायला इंग्रजीत एकच कंजंक्शन पुरते.

‘शेवटी ली आला की ॲडव्हर्ब’ हा नियम तर फळ्यावरून पुसूनच टाकावा. फ्रेंडली, लोन्ली, कॉस्टली ही ॲडजेक्टिव्ह (विशेषणे) आहेत. ‘ही वर्क्स हार्ड’ म्हणजे तो कष्ट करतो, आणि ‘ही हार्डली वर्क्स’ म्हणजे तो जवळजवळ कामच करत नाही. ‘द मँगो टेस्ट्स स्वीट’मध्ये ‘स्वीटली’ का नको? क्रियापदाच्या जागी ‘इज’ घालून पाहा. ‘द मँगो इज स्वीट’ जमते, म्हणजे तो शब्द आंब्याचे वर्णन करतो आणि ॲडजेक्टिव्हच हवे.

आठ हा आकडाही ब्रह्मवाक्य नाही. डायोनिशियस थ्रॅक्स या प्राचीन वैयाकरणाच्या नावावर असलेल्या ग्रीक व्याकरणात आठ जाती होत्या, पण त्यांत आर्टिकल (इंग्रजी ‘द’सारखा शब्द) स्वतंत्र होते आणि विशेषणे नामातच मोडत. लॅटिनमध्ये आर्टिकल नाही. तिथे केवलप्रयोगी अव्ययाची जात धरून आठ भरले. दादोबा पांडुरंग तर्खडकरांनी १८३६ साली मराठीचे व्याकरण छापले, तेही इंग्रजी व्याकरणाच्या वळणाने. म्हणून आजच्या पुस्तकात ‘माय’, ‘धिस’, ‘द’ यांचा ‘डिटर्मिनर’ हा वेगळा गट दिसला तर पालकांनी गोंधळू नये. हे तिन्ही नामाआधीची एकच जागा घेतात, म्हणून ‘माय द बुक’ होत नाही.

आपल्या शैक्षणिक पानावर तक्त्याऐवजी एकच शब्द तीन वाक्यांत छापावा आणि प्रत्येक ठिकाणी त्याच्या पुढे काय आले आहे ते मुलांना अधोरेखित करायला सांगावे, ही विनंती. सुरुवातीला ‘आफ्टर’ आणि ‘सिन्स’ घेता येतील, कारण दोन्ही शब्द तिन्ही कामे करतात. ‘अंटिल’ दोनच करतो, तो पुढच्या आठवड्यात चालेल.

आपली,
इंग्रजीची एक शिक्षिका, सातारा